शुक्राचा गोल

तारकर्लीच्या खाऱ्या हवेत कागदी पृथ्वीगोल फार वर्षं टिकत नाही. आमच्याकडच्या गोलाची शिवण अरबी समुद्रात, ६० अंश रेखांशावर सुटली. नखाने उचलून पाहिलं तर खाली पुठ्ठा. अख्खी पृथ्वी म्हणजे बारा पट्ट्या, दोन्ही टोकांना होडीसारख्या निमुळत्या.

भास्कराचार्यांच्या गोलाला कागद नव्हताच. ११५०च्या ‘सिद्धान्तशिरोमणी’त, गोलाध्यायात, ते कामट्यांची कडी बांधून गोल करायला सांगतात, नकाशासाठी नव्हे, शिष्याला आकाश कळावं म्हणून. पृथ्वीचा टिकून राहिलेला सर्वांत जुना गोल १४९२चा, मार्टिन बेहाइमचा. तो न्यूरेंबर्गच्या संग्रहालयात आहे. त्यावर अमेरिका नाही. कोलंबस अजून परतायचा होता.

मला जास्त आवडतो तो जॉन रसेलचा चंद्र. हा इंग्रज गृहस्थ पेशाने व्यक्तिचित्रकार, रात्री दुर्बिणीला डोळा. १७९७मध्ये त्याने चंद्राचा गोल काढला. चंद्र किंचित डुलतो, त्यामुळे कडेचं थोडं अधिक दिसतं. तेवढंही त्याने रेखाटलं. मागची बाजू मात्र कोरी सोडली. जे पाहिलं नाही ते रंगवायचं नाही, हे चित्रकाराला जमलं याचं कौतुक वाटतं. ती बाजू पहिल्यांदा दिसली ऑक्टोबर १९५९मध्ये, सोव्हिएत लूना ३च्या धुरकट फोटोंत.

शुक्राचं दुखणं वेगळं. संध्याकाळी आमच्या समुद्रावर एवढा लखलखतो, पण दिसतात ते ढगच. जमीन हाती लागली ती रडारने: मॅगेलन यानाने १९९० ते १९९४मध्ये जवळपास ९८ टक्के पृष्ठभाग टिपला. मग गोलावर नावं हवीत. शुक्रावर ती बायकांचीच, असा संकेत, अपवाद दोन-तीन. मोठी विवरं नामवंत दिवंगत स्त्रियांची. त्यांत एक ‘जोशी’ आहे, म्हणजे बाविशीही न गाठता १८८७मध्ये गेलेल्या डॉक्टर आनंदीबाई. इंग्रजी स्पेलिंगही त्या सही करत तेच, शेवटी दोन ई. आणि एक ‘मेधावी’, पंडिता रमाबाई. १८८६मध्ये आनंदीबाईंच्या पदवीदानाला रमाबाई इंग्लंडहून फिलाडेल्फियाला गेल्या होत्या.

आमची पट्टी मी खळीने चिकटवली. ओली असताना जरा सरकली. अरबी समुद्र अरुंद झाला, आफ्रिका शेजारच्या देवबागच्या जवळ आली.