चिनी यात्रिकांची वाट आणि गावकुसाबाहेरची माणसे

गुप्तकाळ हा भारताचा सुवर्णकाळ होता, हे वाक्य आपण सर्वांनी शाळेत पाठ केले आहे. त्याला साक्षीदार म्हणून फाहियान ह्या चिनी भिक्षूला उभे केले जाते. लोक सुखी होते, शिक्षा सौम्य होत्या, राजाची जमीन कसणाऱ्यालाच धान्याचा वाटा द्यावा लागे, पाटलीपुत्रात गोरगरिबांसाठी मोफत दवाखाने होते, असे त्याने लिहून ठेवले आहे. पाठ्यपुस्तके येथे थांबतात. फाहियान मात्र येथे थांबलेला नाही. मध्यदेशाच्या ह्या सुखाचे वर्णन करता करताच त्याने चांडाळांबद्दलही लिहिले आहे. हे लोक इतरांपासून वेगळे राहतात आणि नगरात किंवा बाजारात शिरताना लाकडावर लाकूड आपटून आवाज करतात, म्हणजे लोकांना त्यांची चाहूल लागते आणि त्यांचा स्पर्श टाळता येतो, असे तो सांगतो.

एकाच लेखकाची एकाच प्रदेशाबद्दलची ही दोन विधाने आहेत. त्यातले एक घ्यायचे आणि दुसरे गाळायचे, हा इतिहासलेखनाचा कोणता न्याय? सुवर्णकाळ होता असे म्हणायचे असेल तर तो कोणाचा होता, हेही सांगावे लागेल. हा प्रश्न घेऊन फाहियान आणि त्याच्यानंतर सव्वादोनशे वर्षांनी आलेला ह्यूएनत्संग ह्या दोन यात्रिकांकडे पुन्हा पाहिले पाहिजे.

ते येथे कशासाठी आले, हे आधी ध्यानात घेऊ. दोघेही जिंकायला आले नव्हते, व्यापारालाही आले नव्हते. चीनमधल्या संघाला विनयाचे नियम अपुरे मिळाले होते. ते मुळातून मिळवावेत म्हणून फाहियान इ. स. ३९९ मध्ये चांगआनहून सोबत्यांसह निघाला. तेव्हा त्याचे वय उतरणीला लागले होते. वाळवंटात वाट दाखवणारी खूण एकच होती, आधी मेलेल्या प्रवाशांची हाडे. पुढे सिंधूच्या खोऱ्यात कड्यात खोदलेल्या पायऱ्या उतरून दोराच्या पुलावरून नदी ओलांडावी लागली. एक सोबती बर्फाच्या डोंगरात मेला. एक येथल्या संघाची शिस्त पाहून इथेच राहिला. फाहियान पाटलीपुत्रात तीन वर्षे संस्कृत शिकला, विनयाची पोथी त्याने स्वतःच्या हाताने उतरून घेतली. नंतर ताम्रलिप्ती आणि सिंहल असे करत तो समुद्रमार्गे परतला आणि ४१४ मध्ये त्याने आपला वृत्तांत लिहिला. त्यात त्याने राजाचे नावदेखील दिलेले नाही. ज्या दुसऱ्या चंद्रगुप्ताच्या वैभवासाठी आपण त्याची साक्ष काढतो, त्या चंद्रगुप्ताचे त्याला काही पडलेले नव्हते.

ह्यूएनत्संगची गोष्ट थोडी निराळी. त्या वेळी तांग सम्राटाने देशाबाहेर जायला बंदी केली होती. त्याने परवानगी मागितली, ती मिळाली नाही. तेव्हा इ. स. ६२९ च्या सुमारास तो लपतछपत निघाला. सीमेवरच्या चौक्यांतून त्याच्यावर बाण सुटले. वाळवंटात पाण्याची पखाल हातून निसटली आणि चार रात्री व पाच दिवस तो पाण्यावाचून राहिला. शेवटी त्याच्या म्हाताऱ्या, मरतुकड्या घोड्यानेच पाणी हुडकून काढले. तिथून समरकंद, बामियान, गांधार, काश्मीर, मथुरा, कनौज, श्रावस्ती, कपिलवस्तू, कुशीनगर, वाराणसी आणि नालंदा अशी त्याची वाट. नालंदेत शीलभद्रापाशी तो शिकला. पुढे बंगाल, कलिंग, आंध्र आणि कांचीपर्यंत खाली उतरला आणि पश्चिमेकडून वर फिरला. ६४५ मध्ये तो चांगआनला पोचला, तेव्हा त्याच्याबरोबर ६५७ ग्रंथ होते आणि ते वाहायला वीस घोडे लागले. बामियानच्या ज्या प्रचंड बुद्धमूर्ती पाहून त्याने वर्णन लिहिले, त्या २००१ मध्ये तालिबानने सुरुंग लावून फोडल्या. वर्णन मात्र उरले आहे.

ह्या मार्गात आपला महाराष्ट्रही येतो. येथली जमीन सुपीक आहे, माणसे उंच, साधी आणि मानी आहेत, उपकार विसरत नाहीत आणि अपमानही विसरत नाहीत, सूड घ्यायचा तर शत्रूला आधी कळवतात, असे तो लिहितो. राजा पुलकेशी, हर्षालाही तो जिंकता आला नाही. शंभरावर विहार आणि पाच हजारांवर भिक्षू ह्या प्रदेशात असल्याचे तो नोंदवतो. पूर्वेकडच्या डोंगरात खोदलेला एक विहार आणि त्याच्या दाराबाहेर दोन बाजूंना दोन दगडी हत्ती, असेही त्याने लिहिले आहे. ते अजिंठाच, असे अभ्यासक मानतात. ‘उंच, मानी मराठे’ हा उतारा आपल्याकडे अभिमानाने उद्धृत होतो. त्याच्या शेजारचे पाच हजार भिक्षू मात्र फारसे कोणाच्या तोंडी नसतात.

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. ह्यूएनत्संग भारतातल्या नगरांची रचना सांगतो. तटबंदी, वेशी, वाकडे रस्ते, दुकाने. आणि त्यातच सांगतो की खाटीक, कोळी, नाचगाणे करणारे, फाशी देणारे आणि भंगी ह्यांची घरे नगराबाहेर असतात; येता-जाता त्यांना रस्त्याच्या डाव्या कडेने चालावे लागते. बील (१८८४) आणि वॉटर्स (१९०४-०५) ह्यांच्या इंग्रजी भाषांतरांत येथे तपशिलाचा फरक आहे. एकाच्या मते ह्या घरांभोवती ठेंगण्या भिंती होत्या, दुसऱ्याच्या मते घरांवर ओळखीची खूण लावलेली असे. पण दोन गोष्टींवर भाषांतरकारांत मतभेद नाही: वस्ती बाहेर आणि चालणे डाव्या कडेने.

ही साक्ष मोलाची का, ह्याचा विचार केला पाहिजे. चांडाळाने कोठे राहावे, काय ल्यावे, कशात जेवावे हे मनुस्मृतीत आहेच. पण स्मृती ही आज्ञा आहे. आज्ञा लिहिली म्हणजे ती पाळली गेली, असे म्हणता येत नाही. आणि आपल्याकडचे काही पंडित नेमका हाच बचाव करतात की हे सारे ग्रंथातच होते, व्यवहारात नव्हते. चिनी भिक्षूला ह्या भांडणात काही स्वार्थ नव्हता. तो चार वर्णांची माहिती देतो ती बहुधा कोणाकडून तरी ऐकलेली, पुस्तकी आहे. पण नगराबाहेरची वस्ती ही ऐकीव गोष्ट नव्हे. रस्त्याने येणाऱ्या माणसाला नगराच्या आधी नगराबाहेरचीच वस्ती लागते. राजवाड्यात उतरणाऱ्या पाहुण्याला ती दिसली नसती. चालत आलेल्याला ती चुकवता येत नाही.

ह्या साक्षीचा उपयोग सर्वांत आधी आणि सर्वांत गंभीरपणे केला तो डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. १९४८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द अनटचेबल्स’ ह्या ग्रंथात अस्पृश्यता केव्हा उत्पन्न झाली, हा प्रश्न सोडवताना ते ह्या दोन यात्रिकांना समोरासमोर ठेवतात. त्यांची पद्धत पाहण्यासारखी आहे. फाहियानचा उतारा सहज हाताशी होता. तो घेऊन ‘इ. स. ४०० मध्ये अस्पृश्यता होती’ असे ते म्हणू शकले असते. पण ते तसे म्हणत नाहीत. फाहियान बोलतो तो एकट्या चांडाळांबद्दल, आणि चांडाळांविषयीचा ब्राह्मणांचा तिटकारा जुनाच होता; तेवढ्यावरून समाजभर पसरलेली अस्पृश्यता सिद्ध होत नाही, असा त्यांचा युक्तिवाद आहे. ह्यूएनत्संग मात्र चांडाळांशिवाय इतर जमातींबद्दलही तेच सांगतो. म्हणून इ. स. २०० मध्ये नसलेली अस्पृश्यता ६०० पर्यंत आलेली होती, आणि तिचा जन्म ४०० च्या सुमारास, बौद्ध धर्म आणि ब्राह्मणी धर्म ह्यांच्या वर्चस्वाच्या झगड्यातून झाला, असा निष्कर्ष ते काढतात.

ह्या निष्कर्षावर नंतरच्या संशोधकांनी चर्चा केली आहे. चांडाळ दिसला म्हणून डोळे धुणाऱ्या स्त्रिया जातककथांतही आहेत. त्यामुळे ह्या प्रथेची मुळे अधिक जुनी असावीत, असे काहींना वाटते. वाद चालू राहू द्या. बाबासाहेबांनी स्वतःच्या सोयीचा पुरावादेखील जसाच्या तसा न स्वीकारता तपासून घेतला, हे आपल्या विद्यार्थ्यांनी शिकण्यासारखे आहे. विटाळ, तिरस्कार आणि अस्पृश्यता ह्या एकच गोष्टी नव्हेत, हा फरक त्यांनी केला नसता तर अस्पृश्यता अनादी आहे, निसर्गासारखी आहे, असे म्हणणाऱ्यांच्याच हाती कोलीत मिळाले असते. जिला जन्म आहे तिला मरणही आहे, हे त्या कालनिर्णयामागचे खरे कारण आहे.

एक अवघड प्रश्न आपण आपल्यालाच विचारला पाहिजे. हे दोघे बुद्धाचे भिक्षू होते. ज्या संघात रस्त्याचा केर काढणारा सुनीत आणि न्हावी उपाली सन्मानाने घेतले गेले, त्या संघाचे नियम शोधायला फाहियान आला होता. मग लाकडाचा आवाज ऐकून तो अस्वस्थ का झाला नाही? त्याच्या लेखनात निषेधाचा एक शब्दही नाही. उलट मध्यदेशातले लोक प्राणी मारीत नाहीत, मद्य पीत नाहीत, कांदा-लसूण खात नाहीत, अपवाद फक्त चांडाळांचा. मांस विकणारेही तेच, अशी तो मांडणी करतो. सद्गुणी समाज आणि त्याबाहेरचे दुर्गुणी लोक, अशी ही विभागणी आहे. ती त्याला कोणी सांगितली? तो उतरत होता विहारांत, बोलत होता शिकलेल्यांशी. चांडाळाच्या घरी तो गेला नाही. त्याला विचारले नाही की हे लाकूड तुझ्या हातात कोणी दिले?

ह्यूएनत्संगच्या वेळी नालंदा वैभवात होती. शेकडो गावांचे उत्पन्न तिला मिळत होते. सिंधचा राजा शूद्र असून बौद्ध होता, हेही तो लिहितो. म्हणजे वर्णाची चौकट काही ठिकाणी मोडत होती. पण नगराबाहेरच्या वस्तीपर्यंत विहाराचे दार उघडले होते, असे त्याच्या लेखनात कोठे दिसत नाही. आपण धम्माचा इतिहास सांगताना लेण्या, मूर्ती, विद्यापीठे ह्यांबद्दल अभिमानाने बोलतो, आणि बोललेही पाहिजे. पण जो धर्म राजाश्रयाने आणि देणग्यांनी भरभराटला, तो डाव्या कडेने चालणाऱ्या माणसापासून किती दूर गेला होता, हे न तपासता त्याच्या ऱ्हासाचे सारे खापर परक्यांवर फोडणे बरोबर होणार नाही. १९५६ ची धम्मदीक्षा वेगळी ठरते ती ह्याच ठिकाणी. तेथे धम्म राजाकडून खाली आला नाही. वेशीबाहेरच्या माणसांनीच तो हाती घेतला.

ह्या दोघांच्या पावलांचा आणखी एक उपकार आहे. कोणत्या नगरापासून कोणत्या दिशेला किती ली चालले की काय लागते, हे ह्यूएनत्संगने काटेकोर लिहिले होते. एकोणिसाव्या शतकात अलेक्झांडर कनिंगहॅमने तेच वर्णन हाती धरून उत्तर भारत पालथा घातला आणि श्रावस्ती, कौशांबी ह्यांच्या जागा शोधल्या. आपल्याच देशात बुद्धाची भूमी विस्मृतीत गेली होती. ती एका परदेशी भिक्षूच्या वहीवरून परत सापडली.

आता ह्या दोघांच्या प्रवासाशेजारी आणखी एक प्रवास ठेवून पाहा. १९३४ मध्ये बाबासाहेब आणि त्यांचे सुमारे तीस सहकारी वेरूळची लेणी पाहायला निघाले. निजामच्या राज्यात शिरल्यावर वाटेत दौलताबादचा किल्ला होता. रस्त्याच्या धुळीने सारे माखलेले; किल्ल्याच्या दाराशी हौद होता. त्यात त्यांनी हातपाय आणि तोंड धुतले. लगेच ओरडा झाला की धेडांनी पाणी बाटवले. किल्ला पाहू दिला तो शिपाई बरोबर देऊन, कोठेही पाण्याला शिवायचे नाही ह्या अटीवर. चीनहून आलेल्या भिक्षूला ह्या भूमीवर हर्षाने मानाने बोलावले होते. त्याच बुद्धाची लेणी पाहायला निघालेल्या ह्या भूमीच्या पुत्राला पायाची धूळ धुता आली नाही. परका कोण, हा प्रश्न येथे उलटा होतो.

रस्ता हा आपल्याकडे कधीच साधा रस्ता नव्हता. पाचव्या शतकात हातात लाकूड होते, सातव्या शतकात डावी कड होती. पेशवाईतल्या पुण्यात कमरेला झाडू आणि गळ्यात मडके होते, हे बाबासाहेबांनी १९३६ मध्ये ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये लिहिले आहे. १९२४ मध्ये वैकमला सत्याग्रह झाला तो देवळाभोवतालच्या रस्त्यांवरून चालण्यासाठी. आपल्या संविधानाच्या पंधराव्या कलमात विहिरी, तलाव, स्नानाचे घाट ह्यांच्या बरोबर ‘रस्ते’ हा शब्द मुद्दाम घालावा लागला. जगातल्या दुसऱ्या कोणा देशातल्या माणसाला त्या शब्दाचे नवल वाटेल. फाहियानचा वृत्तांत ज्याने पुरता वाचला आहे त्याला वाटणार नाही.

शिक्षक मित्रांना एवढेच सांगणे आहे की पुढच्या वेळी गुप्तकाळ शिकवाल तेव्हा मोफत दवाखान्यांचे वाक्य जरूर शिकवा; त्या भिक्षूने ते पाहून लिहिले आहे. पण त्याच्या शेजारचे लाकडाचे वाक्यही शिकवा. तेही त्यानेच लिहिले आहे. आणि मग मुलांना विचारा की आजारी चांडाळ त्या दवाखान्यापर्यंत कोणत्या कडेने, काय वाजवत गेला असेल.