आंबोली टोड
सह्याद्रीतील अतिसंकटग्रस्त भेक. शास्त्रीय नाव झँथोफ्राइन टायगेरिना. कुल ब्युफोनिडी. २००९ मध्ये एस. डी. बिजू आणि सहकाऱ्यांनी त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील आंबोली परिसरात, रानालगतच्या जांभ्याच्या सड्यांवर तो आढळतो. पावसाळा सुरू होताच नर कातळावरील डबक्यांपाशी जमून साद घालतात. कुशीवरचे पिवळे पट्टे तेव्हा उठून दिसतात. बहुतेक भेकांची अंडी लांब माळेत असतात, याची मात्र पुंजक्यात. पाणी जेमतेम बोटभर. पावसाने उघडीप दिली की डबके आटते आणि आतले डिंभ मरतात. त्यात वर्षासहलींची झुंबडही नेमकी याच दिवसांत उडते, आणि रस्ता ओलांडणारे भेक वाहनांखाली चिरडले जातात. याच प्रजातीचा सख्खा भाऊबंद, कोयना टोड, १९६३ पासून ज्ञात आहे.