सनई आणि सुओना

लग्नघरी सनईचा सूर निघाला म्हणजे कार्यास आरंभ झाला, अशी आपली समजूत असते. हे वाद्य आपण इतके आपलेसे केले आहे की, त्याचे सख्खे भावंड चीनमध्ये नांदत आहे असे सांगितल्यास पुष्कळांस नवल वाटेल. चिनी लोक त्याला सुओना म्हणतात. हा शब्द म्हणजे फारसी ‘सुर्ना’चा चिनी उच्चार होय, असे बहुतेक अभ्यासक मानतात, आणि आपली ‘सनई’ही फारसी ‘शहनाई’चीच लेक. घडणही एकच. रुंदावत जाणारी लाकडी नळी, टोकास धातूचा कर्णा, तोंडाशी दुहेरी जिभाळी. सुओनाचा आवाज मात्र अधिक तीव्र. सोळाव्या शतकातील मिंग सेनापती छी जीगुआंग याच्या युद्धग्रंथात अधिकाऱ्यांस आज्ञेसाठी एकत्र बोलाविण्याची खूण म्हणून ती फुंकावी, असे सांगितले आहे. आपल्या सनईस असे दरडावणे जमले नसते.

खरा भेद आहे तो रीतीचा. चिनी खेड्यांत विवाह हे ‘लाल’ कार्य व अंत्यविधी हे ‘पांढरे’ कार्य, आणि सुओना दोन्हींस हवीच. आपल्याकडे सनई देवळात, नगारखान्यात व मांडवात वाजते. सुतकाच्या घरी ती साधारणतः मुकी असते. आपण वाद्यास मंगल ठरविले खरे, परंतु तो मंगलपणा वादकाच्या वाट्यास कितपत आला? गुरव, घडशी, कोरवी यांनी पिढ्यान्‌पिढ्या सनई फुंकली. त्यांची जागा मात्र नगारखान्यात किंवा मांडवाच्या दाराशी. चीनमध्येही वादकांची गणना हीनांत होई. ‘युएहू’ नामक वंशपरंपरागत वादकवर्गाचा हीन दर्जा युंगचंग बादशहाने 1723 साली रद्द केला. तथापि फर्मानाने मने बदलतात असे नाही.

आता तर वादकच दिसेनासा होत आहे. इंद्रायणीकाठचे मोशी 1997 साली पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेत गेले. शेताच्या बांधांजागी कारखान्यांतील नोकरदारांच्या वसाहती आल्या, आणि त्यांच्या लग्नांसाठी मंगल कार्यालये. तेथे सनई बहुधा ध्वनिवर्धकातून ऐकू येते, आणि पुष्कळदा ती बिस्मिल्ला खाँ यांची असते. 2001 साली भारतरत्न झालेल्या या निष्ठावंत मुसलमानाच्या श्वासावाचून कित्येक हिंदू घरांतील कार्ये सुनी वाटावीत, ही मला आपल्या समाजाची मोठीच श्रीमंती वाटते. परंतु त्याच ध्वनिमुद्रिकेने दारचा वाजंत्री घरी बसविला, हेही खरेच.

चीनमध्ये हेच दुःख वू तिएनमिंग या दिग्दर्शकाने 2013 साली चित्रपटात मांडले. त्यात सुओनावाल्यांची जागा पाश्चात्त्य पद्धतीचा बँड घेतो. त्याहून लक्षात राहतो तो वृद्ध गुरूचा एक नियम. ‘शंभर पक्ष्यांचे फिनिक्सास वंदन’ ही गत त्याने केवळ सच्छील मृतासाठी राखून ठेवलेली असते. गावच्या मातबराचे कुटुंब पैसे पुढे करते, विनवण्या करते. म्हातारा गत वाजवीत नाही. गावाने ज्यास खालच्या पायरीवर बसविले, त्याच्या हाती गेलेल्याची योग्यता ठरविण्याचा एवढा अधिकार उरला होता. मोशीच्या कार्यालयात कळ दाबली की सनई सुरू होते, आणि जेवणाची पंगत बसली की तीच कळ दाबून बंद करतात.