वेशीबाहेरचा संघ : सेऊलच्या प्रेक्षणीय स्थळांमागील इतिहास

दक्षिण कोरियाची राजधानी सेऊल येथे दोन-तीन दिवसांसाठी येणाऱ्या प्रवाशाचा कार्यक्रम बहुधा ठरलेला असतो. हानबोक हा पारंपरिक पोशाख भाड्याने घेऊन ग्योंगबोकगुंग राजवाडा पाहावयाचा, बुकचोन वस्तीतील कौलारू घरांमधून फिरावयाचे आणि सवड मिळाल्यास डोंगरातील एखाद्या विहारात एक रात्र काढावयाची. विहारातील अशा मुक्कामाची सोय २००२ साली, विश्वचषक फुटबॉल स्पर्धेच्या निमित्ताने सुरू झाली. राजवाडा नगरात आणि विहार डोंगरात, ही विभागणी प्रवाशाला स्वाभाविक वाटते. वस्तुतः तिच्यामागे पाच शतकांचा इतिहास आहे आणि धम्माच्या अभ्यासकाने तो जाणून घेणे अगत्याचे आहे.

कोरियात धम्माचे आगमन इ.स. ३७२ मध्ये, गोगुर्यो राज्यात झाले. पुढे गोर्यो राजवटीत (९१८–१३९२) त्याला राजाश्रय लाभला. तेराव्या शतकात मंगोल आक्रमणांच्या धामधुमीत त्रिपिटकाच्या मुद्रणासाठी ८०,००० हून अधिक लाकडी फलक कोरले गेले. ते हेइन्सा विहारात आजही सुरक्षित आहेत. मात्र राजाश्रयाबरोबर दोषही आले. विहारांकडे विस्तीर्ण जमिनी आणि दास साठले, आणि विरोधकांना टीकेस जागा मिळाली.

१३९२ मध्ये जोसन राजवट स्थापन झाली. तिचे सूत्रधार कन्फ्यूशियसच्या मताचे अभिमानी होते. १४०६ मध्ये राजा तेजोंग याने केवळ २४२ विहारांना मान्यता ठेवली. इतरांच्या जमिनी व दास जप्त झाले. १४२४ मध्ये राजा सेजोंग याने सात संप्रदायांचे दोन केले आणि मान्यताप्राप्त विहारांची संख्या ३६ वर आणली. पुढे भिक्खूंना राजधानीच्या वेशीतून आत येण्यासही मनाई झाली आणि त्यांची गणना हीन मानलेल्या वर्गांत होऊ लागली. ‘वेशीबाहेर’ ह्या शब्दाचा अर्थ मराठी वाचकास वेगळा सांगावयास नको. मात्र एक भेद ध्यानी ठेवला पाहिजे. जन्माने हीन ठरविलेले समूह कोरियातही होते. भिक्खूला मात्र हे हीनत्व चीवर धारण केल्यामुळे येई.

डोंगरातील अनेक विहार ह्या दडपशाहीच्या कितीतरी आधीचे आहेत. तेथील एकान्त साधकांनी स्वेच्छेने निवडला होता. परंतु नगरातील विहार नष्ट झाल्यावर संघाला डोंगराखेरीज ठाव उरला नाही.

नगरातील ह्या लोपाची खूण पाहावयाची असेल तर सेऊलच्या मध्यवस्तीतील तापगोल उद्यानात जावे. तेथे संगमरवराचा दहा मजली स्तूप काचेच्या आवरणात उभा आहे. राजा सेजो याने वोंगाक्सा विहारासाठी तो १४६७ मध्ये उभारला. ह्याच सेजोने राजपुत्र असताना, १४४७ मध्ये, कोरियाच्या नूतन लिपीत बुद्धचरित्र रचले होते. त्या लिपीतील अगदी आरंभीच्या ग्रंथांत त्याची गणना होते. पुढे योन्सान राजाच्या कारकिर्दीत विहार बंद पडला. स्तूप तेवढा राहिला.

ज्या राजधानीत भिक्खूंना प्रवेश नव्हता, तिच्या रक्षणाचा भार मात्र त्यांच्यावर टाकण्यात आला. १५९२ मध्ये जपानने आक्रमण केले तेव्हा सत्तरी ओलांडलेले महास्थविर ह्युजोंग यांनी भिक्खूंची सेना उभी केली. १६२४ मध्ये राजधानीच्या दक्षिणेस नाम्हान किल्ल्याचे काम सुरू झाले. तेथेही तट बांधणारे आणि पुढे पहारा देणारे भिक्खू होते. आज प्रवासी त्या तटावरून सेऊलची शोभा पाहतात.

प्रवेशबंदी उठली ती १८९५ मध्ये. त्यासाठी विनंती केली होती एका जपानी भिक्खूने, आणि त्या काळी कोरियात जपानचे राजकीय वर्चस्व वाढत होते, ही गोष्ट दृष्टीआड करता येत नाही. मात्र ह्या उपकाराने कोरियन संघ मिंधा झाला नाही. १ मार्च १९१९ रोजी जपानी सत्तेविरुद्ध स्वातंत्र्याचा जाहीरनामा निघाला. त्यावरील ३३ स्वाक्षऱ्यांत हान योंग-उन आणि बेक योंग-सोंग ह्या दोन भिक्खूंच्या स्वाक्षऱ्या होत्या. तो जाहीरनामा लोकांसमोर वाचला गेला तापगोल उद्यानातच, त्या स्तूपाच्या सान्निध्यात.

अशा रीतीने पाहिले असता प्रवाशाने अनुभवलेली ‘पारंपरिक संस्कृती’ एकसंध राहत नाही. राजवाड्याचे वैभव आणि विहाराची शांतता ही एकाच सत्तेने आखलेल्या सीमेच्या दोन बाजू आहेत. हानबोक परिधान करून राजद्वारातून आत जाणाऱ्याने एवढे स्मरण ठेवावे, की ज्या नगरात तो सहज फिरतो त्याच्या वेशीवर चीवरधारी माणसाला शतकानुशतके अडविले जात होते.

बुद्धजयंतीच्या सुमारास ज्याला सेऊलला जाणे शक्य असेल त्याने दीपोत्सव अवश्य पाहावा. युनेस्कोने २०२० मध्ये त्याला मानवतेचा अमूर्त वारसा म्हणून मान्यता दिली. कागदी कंदील हाती घेतलेले भिक्खू, भिक्खुणी आणि उपासक जुन्या तटाच्या पूर्ववेशीपासून जोंगनो मार्गाने, तापगोल उद्यानावरून, नगराच्या मध्यभागी असलेल्या जोग्येसा विहाराकडे जातात.