वाळू धरून ठेवणारी पाथरी

भिवंडीकरांनो, आपली खाडी वसईजवळ समुद्राला मिळते. कोकण किनाऱ्यावरच्या वाळूत पिवळ्या फुलांची एक रानटी पाथरी उगवते, शास्त्रीय नाव लॉनिया सारमेंटोसा. पान तोडलं की पांढरा चीक येतो. खोड वाळूवरून धावत जातं, पेऱ्यापेऱ्याला मुळं धरतं, आणि वाऱ्याने उडणारी वाळू तिथेच अडकते. मर्यादवेल आणि ही, दोघी मिळून वाळूची टेकडी बांधतात. उधाणाला पहिली आडवी येते ती ही टेकडी.

सरकारला हे कळायला किती वर्षं लागली बघा. १९८१ च्या नोव्हेंबरमध्ये इंदिरा गांधींनी किनारी राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहिलं: भरतीरेषेपासून ५०० मीटर मोकळे ठेवा. पत्रच ते, कायदा नव्हे! १९ फेब्रुवारी १९९१ ला सीआरझेडची अधिसूचना निघाली, टेकड्या सपाट करायला बंदी आली. पण सर्वाधिक संरक्षणाच्या पहिल्या वर्गात टेकड्यांचं नाव थेट आलं ते २०११ साली.

आता टेकडी कागदावर सुरक्षित आहे. पण किनारा ‘स्वच्छ’ करायला ट्रॅक्टर फिरवला, तर ही पाथरी तण म्हणूनच उपटली जाणार. मग वाळू कोण धरणार?