दशांशचिन्हाचा वाद आणि झुरिचची तडजोड

दशांश अपूर्णांकांचा पुरस्कार सायमन स्टेव्हिन याने १५८५ साली एका छोट्या पुस्तिकेत केला. परंतु पूर्णांक व अपूर्णांक यांना विभागणारे स्वतंत्र चिन्ह त्याने योजिले नव्हते. वर्तुळांत अंक लिहून तो प्रत्येक स्थानाचे मूल्य दर्शवीत असे. एकाच चिन्हाची पद्धती रूढ होण्यास जॉन नेपिअरच्या ग्रंथांचा मोठा हातभार लागला. आणि मौज अशी की, पुढील वादाचे दोन्ही पक्ष त्याच्याच लेखनात आढळतात. १६१७ च्या 'राब्डोलोगिआ'त स्वल्पविराम आहे, तर मरणोत्तर १६१९ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात टिंब. पुढे १६९८ साली लाइब्निट्सने गुणाकाराचे फुलीचिन्ह 'एक्स' अक्षराशी घोटाळा करते म्हणून टिंबास पसंती दिली. अशा रीतीने टिंबाला दुसरे काम मिळाले. युरोपखंडात बहुतेक ठिकाणी स्वल्पविराम स्थिरावला, ब्रिटनमध्ये टिंब.

वजनमापांच्या नवव्या सर्वसाधारण परिषदेने १९४८ साली दोन्ही चिन्हे ग्राह्य मानली. तथापि तिचा अधिक मोलाचा निर्णय निराळाच होता: तीन-तीन अंकांचे गट केवळ मोकळ्या जागेने पाडावेत, तेथे टिंब वा स्वल्पविराम नसावा. १.२५० ही संख्या एका देशात सव्वा, तर दुसऱ्यात साडेबाराशे वाचली जाते, हे ध्यानी घेता ह्या निर्णयाचे महत्त्व कळते.

हाच वाद १९५८ साली झुरिच येथे संगणकभाषेच्या दारी आला. अल्गोल भाषेची रचना ठरविण्यास युरोपचे चार व अमेरिकेचे चार प्रतिनिधी जमले होते. दशांशासाठी टिंब आपण कदापि वापरणार नाही, असे एका सभासदाने मेजावर मूठ आपटून बजावल्याची आठवण पुढे सांगितली गेली. अखेर जोसेफ वेगस्टाइन यांच्या सूचनेने मार्ग निघाला: संदर्भभाषा, प्रकाशनभाषा आणि यंत्रभाषा असे तीन स्तर मानावेत. चिन्ह कोणतेही छापा, अर्थ संदर्भभाषेत ठरलेलाच राहील. सामान्यतः ह्या तोडग्याकडे केवळ समेट म्हणून पाहिले जाते. वस्तुतः संख्या आणि तिचे लेखन ह्या भिन्न गोष्टी आहेत, हे त्यात प्रथमच व्यवहारतः मान्य झाले.

संदर्भभाषेत मात्र टिंबच आले, व त्याचे कारण केवळ अमेरिकेचा प्रभाव नव्हे. फल-लेखनात स्वल्पविराम दोन पदांना विभागतो. तोच दशांशास दिल्यास ३,१४ ही एक संख्या की दोन, हे यंत्रास कळणे दुर्घट. कोबोलने दशांशासाठी स्वल्पविराम निवडण्याची सोय स्वतंत्र कलमाने दिली.

झुरिचने वेगळे केलेले स्तर 'सी' भाषेच्या १९८९ च्या प्रमाणात पुन्हा जवळ आले. त्यात देशागणिक लेखनरीती सांगणारी व्यवस्था आहे, आणि अंकगटांची लांबी क्रमवार देता येत असल्याने आपली लक्ष-कोटींची तीन-दोन-दोन मांडणीही तिच्यात बसते. परंतु मनुष्यासाठी छापणारी आणि फाइल वाचणारी कार्ये एकाच व्यवस्थेच्या अधीन राहिली. परिणामी स्वल्पविरामाची रीत चालू असता '३.१४' हा मजकूर वाचणारे कार्य टिंबापाशी थांबून ३ परत करते. त्रुटी दाखविणे दूरच. जेसॉनसारख्या पुढील आदानप्रदान-स्वरूपांत म्हणून केवळ टिंबच विहित आहे. उलट २००३ च्या फोर्ट्रान प्रमाणाने दशांश स्वल्पविराम स्वीकारला, आणि त्या रीतीत निविष्ट मूल्ये विभागण्याचे काम अर्धविरामाकडे सोपविले.