अनुभवाचं प्रमाणपत्र
पॅरिसजवळच्या बिसेत्र रुग्णालयात प्युसँ गंडमाळेवरच्या उपचारांनी बरा झाला आणि पुढे तिथल्याच मनोरुग्णांचा कारभारी झाला. सेवक म्हणून तो शक्यतो बरे होत आलेले रुग्णच नेमायचा. १७९७ मध्ये त्याने तिथल्या साखळ्या काढल्या.

दोनशे वर्षांनी, १९९९ मध्ये, अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात अशा सोबतीच्या कामाला मेडिकेडमधून पैसे मिळू लागले. २००७ मध्ये केंद्राने त्यासाठी प्रशिक्षण, प्रमाणपत्र आणि देखरेखीची अट घातली. पुण्याच्या ‘मुक्तांगण’मध्येही व्यसनातून सुटलेली माणसं इतरांना सावरत आली आहेत.

भोगलेल्याला पगार आणि मान मिळावा, हे मला न्याय्यच वाटतं. पण कागद हाती येताच तोही ‘साहेब’ झाला, तर समोरच्याने मन मोकळं करायचं कुणापाशी?